संगणक वाढवताना

मराठी माणसाला ‘बंद’ या शब्दाचे पूर्वापार वावडे आहे. शहर बंद पाडायचे असेल तेव्हा तो हा शब्द मोठ्याने उच्चारतो, घरात मात्र शक्यतो टाळतो. वाणी रात्री दुकान बंद करत नाही, दुकान ‘वाढवतो’. बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. दिवा विझवायचा नसतो, मालवायचा असतो. निरोप घेताना कोणी ‘जातो’ म्हणाले, तर घरातली वडीलधारी माणसे त्याला उंबऱ्यावरच थांबवून ‘येतो म्हण’ असे सांगत. यात अपशकुनाचा थोडा धाक आहे, हे खरेच. पण धाकापेक्षा त्यात जाण अधिक आहे. चालू असलेली गोष्ट थांबवणे हेही एक काम आहे, ते रीतीने करायचे असते, आणि आज थांबवलेली गोष्ट उद्या पुन्हा सुरू व्हायची आहे हे थांबवतानाच ध्यानात ठेवायचे असते.

याच घरांत आता संगणक आहे. टेबलावरचा असेल, मांडीवरचा असेल, पण आहे. आणि तो वाढवण्याची रीत मात्र कोणी कोणाला शिकवलेली नाही. एका घरात भिंतीवरचे बटण खटकन बंद होते. दुसऱ्या घरात लॅपटॉपचे झाकण वहीसारखे मिटून तो उशाशी ठेवला जातो. तिसऱ्या घरात तो महिनोन् महिने चालूच असतो, कारण ‘बंद केला आणि पुन्हा सुरू झालाच नाही तर?’ आमच्या सोसायटीत मला, निवृत्त बँकवाला म्हणून, सगळ्यातले थोडे थोडे कळते असा समज आहे. त्यामुळे जिन्यात, वाण्याकडे, फिरायला गेल्यावर एक प्रश्न हमखास येतो : “काका, रात्री कॉम्प्युटर बंद करायचा, की नुसता झोपवायचा?”

प्रश्न साधा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. या प्रश्नात विजेचे बिल आहे, वर्षानुवर्षांच्या फोटोंची आणि कागदपत्रांची सुरक्षा आहे, यंत्राचा मालक कोण हा मुद्दा आहे, आणि दिवस संपला असे म्हणण्याचा माणसाचा हक्कही आहे. म्हणून आज जरा सविस्तर.

बँकेत मी छत्तीस वर्षे काढली. बाहेरच्या माणसाला वाटते, शटर ओढले की बँक बंद झाली. खरे म्हणजे शटर ओढल्यावर आमचे बंद करण्याचे काम सुरू होई. कॅशिअर रोकड मोजी. दिवसभरातली व्हाउचरे लावली जात. जमा आणि नावे यांचा मेळ घातला जाई आणि दहा पैशांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत कोणी चपला घालत नसे. मग लेजरे कपाटात, रोकड तिजोरीत. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोघा जणांकडे. आणि सर्वांत शेवटी शिपाई मेन स्विच बंद करी. या क्रमात मेन स्विच शेवटी होता, याला महत्त्व आहे. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दल १९८४ साली अहवाल दिला, त्यानंतर शाखांत हळूहळू यंत्रे आली, लेजरांची जागा पडद्यांनी घेतली. पण ‘डे एंड’ केल्याशिवाय घरी जायचे नाही हा नियम यंत्रांनीही मोडला नाही. उलट तो अधिक कडक झाला.

घरच्या संगणकाचे ‘शट डाउन’ म्हणजे नेमके हेच. संगणकाची मेमरी म्हणजे काउंटरवरचे टेबल, आणि डिस्क म्हणजे तिजोरी. तुम्ही जे काही लिहीत, पाहत, मांडत असता ते टेबलावर असते. वीज गेली की टेबल क्षणात कोरे होते. तिजोरीतले तेवढे राहते. तुम्ही शट डाउन म्हणता तेव्हा यंत्र आधी सगळ्या उघड्या प्रोग्रॅमांना आवरायला सांगते. ज्याच्याकडे न साठवलेले काही आहे तो तुम्हाला विचारतो, ठेवायचे की टाकायचे? मग पडद्याआड चाललेली कामे थांबतात. डिस्कवर लिहायचे म्हणून सांगितलेले, पण प्रत्यक्ष लिहायचे राहिलेले बरेच काही यंत्र सोयीसाठी टेबलावरच ठेवत असते. ते सगळे तिजोरीत जाते. आणि मग शेवटी यंत्र स्वतःच वीजपुरवठ्याला सांगते, आता थांब. मेन स्विच इथेही शेवटी.

म्हणून भिंतीवरचे बटण आधी बंद करणे म्हणजे रोकड काउंटरवर पसरलेली असताना शिपायाने मेन स्विच पाडण्यासारखे आहे. दर वेळी चोरी होईलच असे नाही. आजच्या डिस्कवरची मांडणी अशी असते की अचानक वीज गेली तरी तिजोरीची चौकट सहसा मोडत नाही. पण टेबलावरचा अर्धा कागद गेला तो गेला. संगणकावरचे बटण चार-पाच सेकंद, काही नव्या लॅपटॉपवर दहा सेकंद, दाबून धरले की तो बंद होतो. तोही याच जातीचा उपाय. यंत्र गोठले, माउस हलेना, तर तेवढ्यापुरता तो करावा. रोजची सवय म्हणून करू नये.

आता झोप. ‘स्लीप’ म्हणजे आमची दुपारची जेवणाची सुट्टी. कॅशिअर ड्रॉवरला कुलूप लावून उठे, पण लेजर उघडेच असे, पेन त्याच ओळीवर. परत आला की त्याच आकड्यापासून पुढे. संगणक झोपतो तेव्हा पडदा, डिस्क, पंखा सगळे थांबते. फक्त मेमरीला जिवंत राहण्यापुरती वीज मिळत राहते. टेबल तसेच मांडलेले राहते. म्हणून तो दोन-तीन सेकंदांत जागा होतो. पण तेवढी वीजही गेली तर टेबल कोरे.

तिसरा प्रकार आहे ‘हायबरनेट’. अस्वल हिवाळ्यात घेते ती शीतनिद्रा. यात टेबलावर जे जसे पडले आहे त्याचे हुबेहूब टिपण काढून ते तिजोरीत ठेवले जाते आणि मग वीज पूर्ण तोडली जाते. सकाळी सुरू केल्यावर टिपण पाहून टेबल पुन्हा तसेच मांडले जाते. झोपेपेक्षा जागे व्हायला थोडा वेळ अधिक, पण रात्री वीज गेली काय नि राहिली काय, फरक पडत नाही. आणि टेबलावरच्या संगणकांसाठी या दोन्हींचा संकरही आहे : झोपायचे, पण झोपताना टिपण तिजोरीतही ठेवून द्यायचे. वीज राहिली तर झटकन जाग, गेली तर टिपणावरून जाग. हा संकर मला सर्वांत शहाणा वाटतो. त्याबद्दल पुढे सांगण्यासारखे आहे.

ही सोय आपोआप आली नाही. विंडोज ९५ च्या काळात आपण शट डाउन म्हणायचो, काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरे यायची की आता संगणक बंद करायला हरकत नाही, आणि मग आपण हाताने खटका दाबायचो. (बंद करण्यासाठी आधी ‘स्टार्ट’ दाबावे लागते, हा विनोद त्याच काळातला.) पुढे डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून वीज-व्यवस्थापनाचे एक समान मानक जाहीर केले. यंत्राच्या झोपेच्या पायऱ्या त्यात ठरल्या आणि खटका यंत्राच्या स्वतःच्या हाती गेला. तेव्हापासून आपण संगणक बंद करत नाही. बंद होण्याची विनंती करतो. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण किल्ली कोणाच्या कमरेला आहे हा प्रश्नही त्याच दिवशी निर्माण झाला.

मग पर्याय वाढत गेले. विंडोज व्हिस्टा २००७ च्या आरंभी घरोघर आले. त्याच्या जरा आधी, नोव्हेंबर २००६ मध्ये, जोएल स्पोल्स्की या सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकाने व्हिस्टाच्या लॅपटॉपचे काम थांबवण्याचे एकूण पंधरा मार्ग मोजून दाखवले होते. त्यावर मायक्रोसॉफ्टमध्ये पूर्वी काम केलेल्या मॉइशे लेटविन यांनी उत्तरादाखल लिहिले की त्या मेनूवर आपण जवळजवळ वर्षभर काम करत होतो आणि त्याबद्दल ज्यांचे मत विचारात घ्यावे लागे अशी माणसे होती त्रेचाळीस. मी हे वाचले तेव्हा मला परदेशाची आठवण झाली नाही, आमच्या विभागीय कार्यालयाची झाली. तिथले एखादे परिपत्रक असेच चार टेबलांवरून फिरत खाली येई आणि खाली पोचेपर्यंत त्यात प्रत्येकाच्या मताला जागा मिळालेली असे. अर्थाला फक्त उरलेली नसे.

पर्याय जास्त झाले, याचे मला फार दुःख नाही. माझी तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे. २०१२ साली विंडोज ८ आले आणि त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तुम्ही शट डाउन म्हटले की तुमचे प्रोग्रॅम खरोखर बंद होतात. पण यंत्रणेचा गाभा बंद होत नाही, तो शीतनिद्रेत जातो. सकाळी यंत्र लवकर सुरू झाले म्हणून आपण खूश. पण ते नव्याने सुरू झालेलेच नसते. अडकलेला प्रिंटर, रुसलेला वाय-फाय, कालचा सगळा गुंता त्या टिपणात बांधून ठेवलेला असतो आणि सकाळी पुन्हा सोडला जातो. गंमत अशी की ‘रीस्टार्ट’ म्हटले तर मात्र यंत्र पूर्ण बंद होऊन नव्याने उठते. म्हणजे ‘बंद कर’ म्हटले की ते अर्धवट बंद होते आणि ‘पुन्हा सुरू कर’ म्हटले की पूर्ण बंद होते!

खोटे वाटत असेल तर घरी पाहा. टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू निवडा, खाली ‘अप टाइम’ असा आकडा दिसेल. ही सोय चालू असेल, तर रोज रात्री न चुकता बंद होणाऱ्या यंत्रावरही तो आकडा कित्येक दिवसांचा निघतो. आमच्या शेजारच्या गृहस्थांना मी हे दाखवले तेव्हा ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. म्हणाले, “म्हणजे रोज गुड नाइट म्हणतो, ते हा ऐकतच नाही?”

बँकेच्या भाषेत सांगतो. खाते बंद करणे आणि खाते निष्क्रिय होणे यांत फरक आहे. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय धरले जाते. पण ते असते; त्यात पैसे असतात, त्यावर जबाबदारी असते. खातेदाराने ‘खाते बंद करा’ असा अर्ज दिला आणि आम्ही ते नुसते निष्क्रिय करून ठेवले असते, तर तपासनिसाने आम्हाला उभे केले असते. शब्दाचा अर्थ ग्राहकाला न सांगता बदलायचा नसतो. जलद सुरू होण्याची सोय जरूर द्यावी. पण तिचे नाव ‘शट डाउन’ ठेवू नये. ‘झोपतो’ म्हणून झोपणाऱ्या यंत्राबद्दल माझी काही तक्रार नाही. ‘बंद झालो’ म्हणून झोपणाऱ्याबद्दल आहे.

हीच गोष्ट नव्या लॅपटॉपांच्या झोपेची. आज मिळणाऱ्या अनेक लॅपटॉपांत जुनी गाढ झोप उरलेलीच नाही. त्यांची झोप मोबाइलसारखी असते : पडदा काळा, पण आत एक डोळा उघडा. झाकण मिटलेले असतानाही ते इंटरनेटशी जोडलेले राहू शकतात, ईमेल घेऊ शकतात, अपडेट उतरवू शकतात. मुलगा लॅपटॉप झाकून बॅगेत टाकतो, बस किंवा लोकल पकडतो, आणि ऑफिसात बॅग उघडली तर यंत्र गरम आणि बॅटरी निम्मी. हा अनुभव अनेक घरांत आहे. बॅगेत, हवा न खेळणाऱ्या जागी यंत्र तापत राहणे त्याच्या बॅटरीला चांगले नाही. प्रवासाला निघताना झाकण मिटणे पुरेसे नाही. हायबरनेट करावे किंवा पूर्ण बंद करावे.

आता हिशेब. आकडे मांडल्याशिवाय बँकवाल्याचे समाधान होत नाही. टेबलावरचा संगणक आणि त्याचा पडदा मिळून, काही न करता नुसता चालू असताना, साठ वॉट घेतो असे धरू. दिवसाला चार तास वापर. उरलेले वीस तास तो उगाच चालू. साठ वॉट, वीस तास, तीस दिवस : छत्तीस युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर महिन्याला दोनशे अठ्ठ्याऐंशी रुपये. तोच वीस तास झोपवून ठेवला आणि झोपेत दोन वॉट लागले, तर महिन्याला सव्वा युनिटही नाही, म्हणजे दहा रुपयांच्या आत. पूर्ण बंद केला तर त्याहून किंचित कमी. म्हणजे पैशाच्या दृष्टीने खरा फरक ‘चालू ठेवणे’ आणि ‘झोपवणे’ यांत आहे. ‘झोपवणे’ आणि ‘बंद करणे’ यांतला फरक चहाच्या कपाचा आहे. लॅपटॉपचे आकडे याच्याही बरेच खाली येतील.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन हजार वॉटचा गीझर रोज अर्धा तास चालला की महिन्याचे तीस युनिट होतात. तेव्हा गीझर आणि एसी मनसोक्त चालवून कोणी सुनेला संगणकाच्या दिव्यावरून बोलू नये. पण एका घरात किरकोळ असलेली गोष्ट लाखो घरांत किरकोळ राहत नाही, हेही खरे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९२ साली ‘एनर्जी स्टार’ हे चिन्ह सुरू केले ते संगणक आणि त्याच्या पडद्यापासूनच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ साली, बंद म्हणून ठेवलेल्या उपकरणांनी एक वॉटपेक्षा जास्त वीज खाऊ नये, अशी मोहीम मांडली. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ मध्ये स्थापन झाला आणि फ्रिजवरचे तारे आपण मोजायला शिकलो. संगणकाच्या बाबतीत मात्र सगळ्यात मोठा तारा आपल्याच हातात आहे, तो म्हणजे पडदा दहा मिनिटांनी मालवण्याची सेटिंग. आणि हो, पडद्यावर पोहणारे मासे वीज वाचवत नाहीत. ते जुन्या काचेच्या पडद्यांवर डाग पडू नये म्हणून होते. आज ते फक्त पोहतात.

विजेचा विषय निघालाच आहे, तर आपल्या हवेचाही काढू. महाराष्ट्राने २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाच्या वेळापत्रकात काढली. आज तेवढी वाईट स्थिती नाही. तरी पावसाच्या पहिल्या सरीबरोबर दिवे जाणारी गावे आणि उपनगरे कमी नाहीत. अशा घरांत टेबलावरच्या संगणकाला यूपीएस असावा. पण यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी नसतो, काम आवरण्यासाठी असतो. दहा-पंधरा मिनिटांची ती उसनवारी आहे. तेवढ्यात साठवावे आणि बंद करावे. काही यूपीएस संगणकाला केबलने जोडता येतात आणि आपण घरी नसलो तर तेच त्याला निजवतात. आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की भिंतीवरचे बटण बंद करून भागत नाही. रीतसर शट डाउन करून प्लगच बाहेर काढावा, इंटरनेटच्या मोडेमचाही.

इथपर्यंत यंत्राचे झाले. माझा खरा मुद्दा माणसाचा आहे.

कादंबरी लिहिणारा माणूस म्हणून मला झोपेची सोय फार आवडते. दुपारी उठलो, परत आलो, तर वाक्य जिथे सोडले तिथेच उभे. पण अनेकांचे संगणक पाहतो तेव्हा लक्षात येते की त्यांनी बंद करणेच सोडले आहे. ब्राउझरमध्ये साठ-सत्तर पाने उघडी. ‘नंतर वाचू’ म्हणून ठेवलेली, ‘भरायचा आहे’ म्हणून ठेवलेला फॉर्म, नाव न दिलेले चार मजकूर. बँकेत याला ‘सस्पेन्स खाते’ म्हणतात. ज्या रकमेचे काय करायचे ते ठरले नाही, ती तात्पुरती तिथे टाकायची. नियम असा की ती लवकरात लवकर तिथून काढून योग्य खात्यात न्यायची. तपासणी आली की अधिकारी सर्वांत आधी तेच खाते उघडत, कारण शाखेचा आळस आणि शाखेची भीती दोन्ही तिथे साठलेली असते. शट डाउन आपल्याला रोज एक प्रश्न विचारते : ठेवायचे की टाकायचे? झोप तो प्रश्न विचारत नाही. तो पुढे ढकलते. एक-दोन दिवस ढकलायला हरकत नाही. महिनोन् महिने ढकलला की सगळे घरच सस्पेन्स खाते होते.

आणि काम घरी आले तेव्हापासून हे फार झाले आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ऑफिस जेवणाच्या टेबलावर येऊन बसले, आणि टाळेबंदी उठल्यावरही पुष्कळ घरांतून ते पूर्णपणे उठलेले नाही. आमच्या वेळी लेजर कपाटात गेले की ते बँकेत राही. घरी फक्त डोकेदुखी येई. आता लॅपटॉपचे झाकण अर्धे मिटलेले असते, यंत्र अर्धे झोपलेले असते आणि माणूसही. रात्री साडेदहाला पाणी प्यायला उठलेली सून जाता जाता झाकण उचलून पाहते, काही आले का. यंत्र दोन सेकंदांत जागे होते, हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा जाच. बंद असलेले यंत्र सुरू करायला अर्धे मिनिट लागते, आणि त्या अर्ध्या मिनिटात बहुतेक वेळा माणसाला आठवते की आपण पाणी प्यायला उठलो होतो.

मागे आमच्याच इमारतीतल्या एका बाईंचे यजमान गेले. घरातला संगणक तेच पाहत. ते गेल्यावर तो तसाच झोपलेला राहिला, समोरचा दिवा मंद लुकलुकत. बाई त्याला हात लावू देईनात. मुलगा परदेशातून फोनवर सांगे, “आई, रीस्टार्ट कर.” त्या करत नसत. त्यांना वाटे, बंद केला की आतले सगळे जाईल : फोटो, ठेवींची यादी, यजमानांनी लिहायला घेतलेल्या आठवणी. एका रात्री वादळात वीज गेली आणि दिवा विझला. सकाळी त्या मला बोलवायला आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. यंत्र सुरू केले. वर सांगितला तो संकर त्यात चालू होता. झोपताना टिपण तिजोरीत गेलेले होते. पडदा उजळला आणि यजमानांनी उघडे ठेवलेले पान जसेच्या तसे समोर आले. मधेच थांबलेल्या वाक्यासकट.

आम्ही दोघांनी बसून आधी ते पान साठवले. फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवले. ठेवींची यादी कागदावर लिहून काढली, कुठल्या ठेवीला नामनिर्देशन आहे ते तपासले. पासवर्डांची वही कपाटात कुलपात ठेवली. दोन दुपारी गेल्या. मग मी त्यांना सांगितले, “आता तुम्हीच बंद करा. काही जात नाही.” त्यांनी माउस हातात घेतला, शट डाउन म्हटले. पंखा थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो स्वतः सुरू केला आणि मुलाला फोन लावला.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. यंत्र बनवणाऱ्यांनी ‘बंद’ या शब्दाचा अर्थ बंद असाच ठेवावा, आणि जलद उठण्याची सोय हवी त्याने मागून घ्यावी, अशी व्यवस्था करावी. तोवर आपण आपली करून घ्यावी. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, त्यात पॉवर ऑप्शन्स, त्यात ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ असे लिहिलेले सापडते. तिथली बंद असलेली सेटिंग्ज आधी खुली करून घ्यायची, मग ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढायची आणि बहुतेक यंत्रांवर ‘हायबरनेट’ला खूण करता येते, ती करायची. यंत्र सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, ते परवडतात. हे नको असेल तर शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन निवडावे, तेवढ्यापुरते ते पूर्ण बंद होते. बाकी नियम सोपे आहेत. उठून गेलात तर पडदा दहा मिनिटांत मालवावा, यंत्र अर्ध्या तासात झोपावे. रात्री हायबरनेट किंवा शट डाउन. आठवड्यातून एकदा, रविवारचा मुहूर्त चांगला, सगळे साठवून रीस्टार्ट. दिवा पूर्ण गेल्याशिवाय भिंतीवरच्या बटणाला हात लावायचा नाही.

आणि एक काम कुठल्याच सेटिंगमध्ये नाही. घरातला संगणक ज्या एकाच माणसाला बंद करता येतो, त्याने तो आणखी एकाला शिकवावा. शक्य तर घरातल्या सर्वांत भित्र्या माणसाला. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत, त्याचे एक कारण अविश्वास हे होते. दुसरे कारण असे, की एक जण उद्या आला नाही तरी काय करायचे हे निदान आणखी एकाला ठाऊक असावे.